मदत हवी आहे: टँकरबद्दल लोकांचं खरं मत कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ दुष्काळी भागांतून कामाला आलेल्या कुटुंबांच्या झोपड्यांवर आम्ही उन्हाळ्यात पाणी नि रेशन पोचवतो. बहुतेक विजापूर, सोलापूरकडची माणसं. तक्रारपेटी लावली, तर आत एकच चिठ्ठी, "सगळं छान". अक्षर मुकादमाचं, एवढं आम्हालाही कळतं!

विचारायला गेलं की बायका आधी मुकादमाच्या तोंडाकडे बघतात, मग "बरंय दादा". परवा एकीने हंडा उचलता उचलता हळूच सांगितलं, टँकर अकराला येतो तेव्हा आम्ही साईटवर असतो, परत येईपर्यंत पाणी संपलेलं. हे पेटीत कधीच आलं नसतं.

स्फिअर मानकांत (आपत्तीतल्या मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी नि पाण्याची जागा 500 मीटरच्या आत, असा हिशेब आहे. लिटर आम्ही मोजतो, पण कुणाला मिळालं नाही ते कसं मोजायचं? सोमालियात विस्थापितांच्या मदतीतून मधले लोक वाटा कापतात, नाही दिला तर छावणीतून हाकलायची धमकी देतात, हे 2023 मध्ये उघड झालं. इथे तेवढं नाही, पण मुकादमाचा धाक तोच.

कन्नड येणारी बाई सोबत न्यावी का? मिस्ड कॉलचा नंबर द्यावा, तर फोन बहुतेक नवऱ्यांकडे. वाटपाच्या वेळेबाहेर जाऊन बोलायचा कुणाला अनुभव आहे? आणि तक्रार करणारीचं नाव फुटू नये म्हणून नोंद कशी ठेवता?