स्टॉर्म ट्रॅकसाठी बांधताय? इंजिनाला हात लावू नका

लालमाती (रत्नागिरी)

रेसिंग ट्रॅकवर चालवायला बांधलेल्या माझ्या गाडीचे फोटो इथे टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय, "इंजिन कुठलं टाकलंस?" कंपनीचंच आहे म्हटल्यावर दोघांनी विचारलं, मग एवढे पैसे गेले कुठे? म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी सॅन स्टॉर्म. नव्या मंडळींसाठी सांगतो, ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी १९९८ मध्ये आली आणि ती बनायची आपल्या शेजारी, गोव्यात. वर फायबरची बॉडी, आत लोखंडी सांगाडा, पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. माझी गाडी कलमांच्या बागेतल्या एका शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. अंगावर एक ओरखडा नव्हता, म्हणून मी खुशीत होतो. गॅरेजात वर उचलली आणि मागच्या चाकाजवळच्या पाइपावर स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरचा काळा रंग शाबूत, आत पाइपच नाही. स्क्रूड्रायव्हर ओढून काढला तर भोकातून कथ्थई भुकटी गळायला लागली, ती बराच वेळ थांबेना.

आपल्याकडे हेच होतं. फायबर गंजत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि खालचं लोखंड खारा वारा गुपचूप खात असतो. पाणी निघायची भोकं मातीने बुजलेली असतात, त्यामुळे पाइप आतून कुजतो. माझे पहिले तीन महिने आणि निम्मे पैसे तिथेच गेले. कुजलेलं सगळं कापलं, नवे पाइप सी-ओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरणाऱ्या) वेल्डिंगने जोडले, आत मेण फवारलं.

त्यानंतरचा क्रम असा ठेवला: ब्रेक, रेडिएटर, टायर, सीट-पट्टे-रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइप). इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं आलं, म्हणून फक्त टायमिंग बेल्ट, सील आणि पाण्याचा पंप बदलला. माझं ठाम मत आहे की हौशी माणसाने ट्रॅकसाठी गाडी बांधताना पहिली दोन वर्षं तरी ताकद वाढवू नये. वेग १०० वरून १२० वर नेला की थांबताना ब्रेकला ४४ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. इंजिन वाढवणारे हा हिशोब करत नाहीत.

परशुरामघाट (चिपळूण)

दादा, सांगाड्याचं काम बघून हात जोडले. पण इंजिनाचं पटत नाही.

मी स्वतः चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर धावलोय. ३.७ किलोमीटरची फेरी, लांब सरळी. साठ घोड्यांची गाडी घेऊन तिथे गेलात तर मागून येणारी प्रत्येक गाडी तुमच्यापेक्षा ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या फरकाने येते. तुमचं अर्धं लक्ष आरशात. हा वेगातला फरकच खरा धोका आहे, आणि तुम्ही सुरक्षेच्या नावाखाली तोच वाढवताय.

दुसरं, सुट्या भागांचं काय? हे रेनॉचं इंजिन युरोपात ट्विंगो-क्लिओत होतं, इथे कोणाकडे आहे? हेड पॅकिंग गेलं तर हंगाम गेला. त्यापेक्षा जुन्या मारुती बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन टाका. ९४ अश्वशक्ती, आणि मारुतीच्या त्या पिढीचं काम न केलेला मिस्त्री कोकणात सापडणार नाही. माउंट आणि एक्सेल बनवावे लागतील, वायरिंगची डोकेदुखी होईल, कबूल. पण एकदाच.

आंबोलीचं धुकं (सावंतवाडी)

मला दोघांचंही म्हणणं पटत नाही, आणि वाईटही वाटतंय.

ह्या गाड्या मुळात थोड्या बनल्या. त्यातल्या किती शिल्लक असतील? पणजीला नोकरीत असताना रस्त्यावर एखादी दिसायची, आता दिसत नाही. माझ्याकडे एक आहे, मूळ रंगात, मूळ स्टिअरिंगसकट. पोरंटोरं तिच्याजवळ उभं राहून "बाहेरची आहे का?" विचारतात. गोव्यात बनलीय हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

अशी गाडी ट्रॅकवर नेऊन भिंतीला घासायची? फोटोत दिसतंय की रेडिएटरला हवा मिळावी म्हणून तुम्ही पुढचं तोंड कापायला खूण केलीय. लालमाती, तुम्ही तरुण आहात, हौस समजते. पण ते तोंड पुन्हा कुठल्याही दुकानात मिळणार नाही. ट्रॅकच करायचा तर मारुतीची जुनी एस्टीम घ्या. तिला काय हवं ते करा.

लालमाती (रत्नागिरी)

काका, तुमचा मुद्दा मनाला लागला, त्यावर नंतर येतो. आधी परशुरामघाटला उत्तर.

मागून गाड्या येतात हे खरं. पण ट्रॅक डेला (स्वतःची गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) स्पर्धा नसते. कुठे ओव्हरटेक करायचं हे सकाळच्या बैठकीत ठरवून देतात, आणि बऱ्याच ठिकाणी वेगाप्रमाणे गटही पाडतात. मी हळूच्या गटात नाव देतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

ब्रेकवर एवढं का बोलतो, तेही सांगतो. माझ्या पहिल्याच ट्रॅक डेला पाचव्या फेरीत सरळीच्या शेवटी ब्रेक दाबला. वरचा अर्धा इंच नेहमीसारखा कडक लागला आणि मग पेडल लोण्यात गेल्यासारखं थेट तळाला. दोनदा पंप केल्यावर थोडा ब्रेक मिळाला, गाडी ट्रॅकच्या बाहेर मातीत जाऊन थांबली. जळक्या पॅडचा वास हेल्मेटच्या आत भरला होता. गाडीला काही झालं नाही, मला काही झालं नाही. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागेत) आल्यावर बराच वेळ पट्टे सोडवायला बोटं चालेनात.

कारण साधं होतं, ब्रेक ऑइल दोन वर्षांचं जुनं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट-३ (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट-४ ची २३० वरून १५५ वर. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. आपल्या दमट हवेत, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे दोन वर्षांचं ऑइल म्हणजे काय झालं असेल विचार कर. आता मी दर वेळी निघण्याआधी डॉट-५.१ ताजं भरतो आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळीतली हवा काढतो. साठ घोड्यांवर ही वेळ आली. नव्वदवर काय झालं असतं?

परशुरामघाट (चिपळूण)

दादा, हा ऑइलचा प्रश्न झाला, इंजिनाचा नाही. साडेपाचशे रुपयांच्या बाटलीत सुटणारी गोष्ट. नव्वद घोड्यांवरही ताजं ऑइल असतं तर गाडी थांबलीच असती.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी मध्ये पडते, कारण मी जुनी होंडा सिटी व्हीटेक घेऊन तीन वर्षं ट्रॅक डे करतेय. १.५ लिटर, १०६ अश्वशक्ती, आणि माझ्या गाडीचंही इंजिन कंपनीचंच आहे. त्या बाबतीत मी लालमातीच्या बाजूने. परशुरामघाट, वेगातल्या फरकाचं तुझं बरोबर आहे, पण त्यावर बलेनोचं इंजिन हा उपाय नव्हे. तेवढ्याशा नाकात जास्त वजनाचं इंजिन बसवलंस की गाडी वळणात पुढे घसरायला लागेल, मग स्प्रिंगा बदला, मग शॉकअप बदला. मी एकाला ह्याच रस्त्याने जाताना बघितलंय. चार वर्षं झाली, त्याची गाडी अजून ट्रॅकवर आलेली नाही.

पण लालमाती, तुमची चूक वेगळीच आहे असं मला वाटतं. तुम्ही गाडीवर एवढे पैसे घातलेत, ट्रॅकवर किती दिवस गेलात? आपल्यापासून चेन्नई आणि कोइमतूरचे ट्रॅक, दोन्ही हजार किलोमीटरच्या वर. आंबा घाट चढून कोल्हापूर, मग बंगळूर, मग पुढे. फ्लॅटबेडचं (गाडी लादून नेणाऱ्या ट्रकचं) भाडं, टायर, राहणं. वर्षात दोन फेऱ्या झाल्या तर डोक्यावरून पाणी. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोल्हापूरकडच्या कार्टिंगने. सकाळी निघायचं, दुपारभर चालवायचं, रात्री घरी. कार्टला सस्पेन्शन नसतं, चूक झाली की लगेच कंबरेला कळते. आधी तिथे वीस दिवस घालवा. मग तुमची स्टॉर्म तुम्हाला काय सांगतेय ते ऐकू येईल.

न्हावणकोंड (गुहागर)

मी वाहनांच्या प्रकरणांत वकिली करतो, म्हणून फक्त कायद्याचं बोलतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल असा आहे की निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. त्यानंतरच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. म्हणजे परशुरामघाट म्हणतात तसं इंजिन बदललं तर ती गाडी फ्लॅटबेडवरूनच ट्रॅकवर न्यायची. गणपतीपुळ्याला सहज चक्कर मारून येऊ म्हटलं तर नाही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढते.

रोल बारचंही तेच. वर एक गोष्ट कायद्यापलीकडची: हेल्मेट न घालता रोल बारच्या गाडीत रस्त्यावर बसू नका. साध्या धक्क्यातही डोकं त्या पाइपावर आपटतं.

लालमाती (रत्नागिरी)

वकीलसाहेब, गाडी फ्लॅटबेडवरच जाते. रोल बार सीमलेस पाइपाचा आहे, हेल्मेटच्या वर चार बोटं, सांगाड्याला वेल्ड केलेला. उघड्या टपाच्या गाडीला तो नसेल तर मी स्वतःच्या भावालाही बसू देणार नाही.

ताई, कार्टिंगचं तुमचं म्हणणं मान्य. पटलं. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करतो.

काका, आता तुमचं. मी स्टॉर्म घेतली ती स्वस्त मिळाली म्हणून नव्हे. बाबा मला लहानपणी म्हापशाला मावशीकडे न्यायचे, तिथे रस्त्यावर एक पिवळी स्टॉर्म उभी असायची. मी तिच्याभोवती फिरत राहायचो. ही गाडी शेडमध्ये उभी राहून मरत होती, तिचा सांगाडा कुजून गेला होता, तेव्हा तिला जपायला कोणी आलं नाही. चालवायची म्हणून मी बांधली. चालवायची नसती तर बांधली नसती. पण तोंड कापायचं मलाही जड जातंय. चेन्नईच्या उन्हात पाण्याचा काटा तिसऱ्या फेरीत वर चढतो. जुन्या रेडिएटरच्या जाळ्या तर हात लावताच भुगा होऊन पडल्या होत्या. नवा मोठा बसवला, तरी हवा पुरत नाही.

फायबरवालो (देवगड)

माका गाडयेतला फारसा कळणा नाय, पण फायबराचा काम मी वीस वर्सां करतंय, होडयेंचा. तुमचो वाद वाचलंय आणि मनात इला ता सांगतंय.

तोंड कापूचा कित्याक? तेचो साचो काढा. मूळ तोंडार मेण घासून, वर रेझिन आणि फायबराची मॅट मारून साचो होता. मगे त्या साच्यातून नवा तोंड काढा, तेका काय ती भोकां पाडा. मूळ तोंड माळ्यार ठेवा. उद्या काकांच्या गाडयेक कोणी ठोकल्यान, तरी त्याच साच्यातसून तेंका नवा तोंड मेळात. होडयेंचा आमी हेच करतंव, एका साच्यातसून धा होडये.

फक्त आता नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळे होडये वर ओढलेले, आमका श्वास घेवक वेळ नाय. आणि पावसात मॅट ओल धरता, धवी पडता, धड चिकटणा नाय. दसऱ्यानंतर येवा.

आंबोलीचं धुकं (सावंतवाडी)

हे मला सुचायला हवं होतं.

लालमाती, तुमच्या गाडीच्या तोंडाला डाव्या कोपऱ्यात तडा गेलाय, फोटोत दिसतो. साचा तडा गेलेल्या तोंडावरून काढू नका, तो तडा प्रत्येक प्रतीत उतरेल. माझं तोंड आणि बोनेट एकदाही रिपेअर झालेलं नाही. साच्यासाठी देतो. अट एवढीच की काढणं-बसवणं मी समोर असताना व्हावं, आणि साचा देवगडलाच राहावा, ज्याला लागेल त्याला मिळावा. ट्रॅकबद्दलचं माझं मत तेच आहे.

परशुरामघाट (चिपळूण)

इंजिनाचं माझंही मत तेच आहे. पण साच्याला माणूस कमी पडत असेल तर मी येतो. घासकाम येतं मला.

लालमाती (रत्नागिरी)

काका, तुमची अट मान्य आहे, आणि आभार कसे मानू कळत नाही. देवगडच्या दादांनू, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार चालेल का? मेण, रेझिन, मॅट किती लागेल ते सांगा, मी रत्नागिरीहून घेऊन येतो. परशुरामघाट, तू आदल्या रात्री माझ्याकडे ये. सकाळी सहाला निघू, आधी सावंतवाडीला जाऊन काकांचं तोंड-बोनेट उतरवायला नको, ते काकाच घेऊन येतील ना? की मी टेम्पो पाठवू?

आंबोलीचं धुकं (सावंतवाडी)

टेम्पो नको. गाडी चालवतच आणतो, तिथेच उतरवू.