काइशाकुनिनला मराठीत काय म्हणाल?

सध्या ‘कोझुरे ओकामी’ वाचतोय. कथा काझुओ कोइके यांची, चित्रं गोसेकी कोजिमांची. १९७० ते ७६ मधली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २८ खंड. बाबागाडीत एक लेकरू सतत असतं, पण रक्तपात नि नग्नता इतकी की लेकरांच्या हाती देऊ नये. नायक ओगामी इत्तो आधी शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, ‘काइशाकुनिन’ असतो. याला मराठीत ‘जल्लाद’ चालेल का? आणि सेप्पुकू व हाराकिरी, म्हणजे सामुराई योद्ध्याने स्वतःचं पोट फाडून मरणं, एकच ना?

—

एकच. तीच दोन अक्षरं, ‘पोट’ आणि ‘कापणे’, फक्त क्रम उलटा. हाराकिरी हा देशी उच्चार, बोलण्यातला. सेप्पुकू चिनी वळणाचा, दरबारी. आपल्याकडे ‘पोट फाडणं’ आणि ‘उदरच्छेद’ म्हणावं तसं. गंमत मराठीतली. आपल्या क्रीडापानावर ‘फलंदाजांची हाराकिरी’ असते, म्हणजे भलते फटके मारून विकेटी फेकणं. मुळात तर पांढरी वस्त्रं, मरणापूर्वीची कविता, सगळं शिस्तीत. शब्द आला आणि बेफिकिरीचा होऊन बसला!

—

जल्लाद नको. ‘काइशाकु’चा मूळ अर्थच मदत, शुश्रूषा. पोटात पातं खुपसल्यावर तडफड लांबू नये म्हणून मागे उभा असलेला माणूस मान उतरवतो. कसबी असेल तर गळ्याकडची कातडी तेवढी राखतो. डोकं घरंगळत नाही, पुढे झुकतं. नवख्याचा वार खांद्यावर बसायचा. हे जल्लादाचं काम नव्हे.

—

मग ‘सहायक’?

—

सहायक म्हटलं की मला टेबलामागचा कारकून दिसतो. आपण ‘सुटला बिचारा’ म्हणतो, त्या अर्थाने ‘सोडवणारा’ जवळचा, पण त्यात तलवार नाही. मी तरी काइशाकुनिनच ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ समजावून. पुढे याग्यू घराण्याच्या कटात पद जातं आणि इत्तो ५०० र्‍यो (जुनी सोन्याची नाणी) घेऊन माणसं मारतो, तिथे मात्र मराठीला अडायचं कारण नाही: सुपारी घेतो. ‘मारेकरी’ हा शब्द त्या इत्तोसाठी राखून ठेवा. सुरुवातीलाच जल्लाद म्हणून बसलात तर तो किती खाली आला ते कळणार नाही.

—

मान उतरवणारा, तोही सन्मानाने... ‘मानकरी’?

—

कोटी झकास, पण छापू नका. लोक लग्नातला समजतील.