प्रतिसाद: भिजलेली लोकर आणि लाकूडतोड्यांचा कोट

लोकर भिजली की निरुपयोगी ठरते, या आपल्या मताशी मी सहमत नाही. अमेरिकेच्या वायव्य भागातील पावसाळी जंगलांत लाकूडतोडे ‘मॅकिनॉ’ हे जाड लोकरी कापड वापरत, कारण लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प सामावून घेतो, आणि विणलेले कापड पाण्यात मळून आटवल्यामुळे वीण इतकी घट्ट होते की वारा सहजासहजी आत शिरत नाही. सिएटलच्या फिल्सन कंपनीने १९१४ साली पेटंट घेतलेला ‘क्रूझर’ कोट मला विशेष वाटतो. उभ्या झाडांतील लाकडाचा अंदाज घेत जंगलात हिंडणाऱ्यांसाठी त्याच्या पाठीवर रुंद खिसा असे. आपल्या धनगरांचे लोकरी घोंगडेही या मॅकिनॉ कापडासारखेच वाऱ्या-पावसापासून बचाव करते. भिजलेला कोट जड होतो आणि लवकर वाळत नाही, हा आपला आक्षेप मात्र रास्त आहे.