मदत हवी आहे: लेकीला वर्षभर परदेशात स्वयंसेवेला जायचंय, कुठे पाठवू?

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज गरज पडली म्हणून वेगळा धागा काढतेय.

लेक २१ वर्षांची. यंदा बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) संपतंय. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात बंधारा बांधून आली तेव्हापासून डोक्यात एकच: एमएसडब्ल्यूआधी एक वर्ष देशाबाहेर काम करायचं. माझा विरोध नाही. पण समोर जे दोन पर्याय आलेत त्यातलं काय खरं, काय बाजार, ते कळेना.

पहिला एका एजन्सीचा. कंबोडियात सिएम रीपला चार आठवडे, अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं. १ लाख ६० हजार रुपये, विमान वेगळं. वर प्रमाणपत्र आणि अंगकोर वाटची सहल. मी फोनवर विचारलं, हिला शिकवण्याचा काहीच अनुभव नाही, चालेल का? तर म्हणे, "मॅडम, मुलांना माया लावता आली की झालं." मी २२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मायेवर मला कुणी नोकरी दिली नव्हती, डीएड करावं लागलं होतं!

आमच्याकडे डीएडच्या मुली पाठ घ्यायला येतात. तिसरीतली पोरं त्यांच्या ओढणीला लोंबकळतात. मुली गेल्या की चार-आठ दिवस "ताई कधी येणार" हेच. घरी आई असलेल्या पोरांची ही गत. मग ज्यांना आईच नाही त्यांच्याकडे दर महिन्याला नवी ताई?

दुसरा पर्याय तिच्या जर्मनच्या क्लासमध्ये कळला. बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट (नाव पाठ व्हायला मला तीन दिवस लागले), थोडक्यात बीएफडी. वर्षभर वृद्धाश्रम, बालवाडी किंवा अपंगांच्या संस्थेत काम. फी नाही, उलट हातखर्चाला तेच पैसे देतात. मग हे कशाच्या बदल्यात? तिची जर्मनची ए२ पातळी झालीय, पुढची बी१ परीक्षा मॅक्स म्युलर भवनात देणार आहे. पण अहो म्हणतात, "म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला बीएसडब्ल्यू केलं का?" शिवाय व्हॉट्सॲपवर एकजण ८० हजारांत बीएफडी "करून देतो" म्हणतोय. जे फुकट आहे त्याचे ८० हजार कशाचे? राहण्या-जेवणाचं कोण बघतं? कुणी गेलंय का?

पोह्यांवर_लिंबू:
ताई, मी स्टुटगार्टजवळ राहतो. माझी मावसबहीण इथे वृद्धाश्रमात बीएफडी करून गेली.

आधी ८० हजारवाल्याला ब्लॉक करा. २०११ साली जर्मनीने सक्तीची लष्करभरती थांबवली. लष्कराऐवजी नागरी सेवा करणारी पोरंही त्याबरोबर संपली आणि वृद्धाश्रम, हॉस्पिटलांना हात कमी पडायला लागले. त्या जागी बीएफडी आली. म्हणजे "कशाच्या बदल्यात" याचं उत्तर सरळ आहे: तुमची मुलगी तिथे राबणार. करार तिचा थेट जर्मन सरकारच्या कार्यालयाशी होतो, मधला माणूस लागत नाही. अर्ज संस्थेला स्वतः ईमेल करून करायचा. बहिणीने चाळीसेक ईमेल टाकल्या, पाच उत्तरं आली.

सामाजिक विम्याचे पैसे ती संस्थाच भरते. २७ वर्षांखालच्यांना वर्षाला २५ दिवस सेमिनार असतात, तिथेच मैत्रिणी मिळतात. राहणं-जेवण मात्र प्रत्येक संस्थेचं वेगळं. खोली देणार का, हे सहीआधी लेखी घ्या. नुसत्या हातखर्चात इथलं भाडं निघणार नाही. व्हिसा मुंबईच्या वकिलातीतून. लवकर हालचाल करा.

आणि वेल्टवेर्ट्सही बघा. जर्मन मुलांना बाहेर पाठवणारा हा सरकारी कार्यक्रम २०१३पासून उलट दिशेनेही चालतो. वय १८ ते २८, विमानाचं भाडंही त्यातूनच. अर्ज मात्र भारतातल्या भागीदार संस्थेमार्फत.

काकांना सांगा, डायपर बदलायला लागतात. बहीण पहिला महिना रोज रडत फोन करायची.

वाटसरू_७१:
कंबोडियाबद्दल तुमची शंका बरोबर. तिथल्या अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. पर्यटकांचा पैसा यायला लागला तसे आश्रम वाढले, आणि ते भरायला गावागावांतून गरिबांची पोरं आणली गेली. २०११ला तिथे "मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत" अशी मोहीमच काढावी लागली. १ लाख ६० हजार देऊन तुम्ही त्या मागणीत एक गिऱ्हाईक वाढवाल.

परदेशी स्वयंसेवक वाईटच, असं नाही. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची माणसं वरोऱ्याला आनंदवनात येऊन बांधकामाला भिडली. कुष्ठरोग्यांच्या जवळ जायला आपलेच लोक कचरत होते तेव्हाची गोष्ट. या संघटनेची दोन-तीन आठवड्यांची शिबिरं अजून असतात. तिकीट आपलं, फी थोडकी. वर्षभर नाही जमलं तर हे करता येईल. यूएन व्हॉलंटियर्सवरही नाव टाकून ठेवा. नोंदणी फुकट, निवड झाली तर निर्वाहभत्ता मिळतो, पण तिथे स्पर्धा भरपूर.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार. एजन्सीला नाही कळवलं. त्यांचा लगेच मेसेज आला: "नेपाळ चालेल का? २० हजार कमी."

अहोंना प्रतिसाद वाचून दाखवले. ते रडत फोन करण्यापाशी थांबले, मग म्हणाले, आपल्या आईचं शेवटी कोण करत होतं? मी करत होते. त्यावर काही बोलले नाहीत, पण पासपोर्टच्या तारखा बघायला बसले.

लेकीचा एक प्रश्न: क्लासमधली जर्मन वृद्धाश्रमात चालते का?

पोह्यांवर_लिंबू:
नाही. इकडच्या आज्या श्वेबिश ही इथली बोली बोलतात, ती बर्लिनवाल्यांनाही कळत नाही. बहिणीला तिसऱ्या महिन्यात कळायला लागलं, आधी शिव्या, मग बाकीचं.