जांघेतल्या केसांत उवा: घरी काय करावं?

अनामिक: खालच्या केसांत उवा झाल्यात. डोक्यातल्यासारख्या लांबट नाहीत, चपट्या, खेकड्यासारख्या, केसाच्या बुडाशी घट्ट बसलेल्या. सगळे केस काढून टाकले तर भागेल का? एकाने रॉकेल सुचवलंय. घरात सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात, त्याचं काय?

मेडिकलवाली: रॉकेल नको, फिनेल नको, झुरळांचा स्प्रे तर नकोच. तिथली कातडी नाजूक, भाजल्यासारखी सोलवटते. नुसते केस काढूनही पुरत नाही, कारण या उवा मांड्या, पोट, छाती, काख, दाढी इथल्या केसांतही जातात. केस बारीक कापले तर औषध लावायला सोपं जातं, एवढाच त्याचा फायदा.

दुकानात पर्मेथ्रिन १% लोशन किंवा क्रीम रिन्स मागा. बऱ्याचदा ५% ची ट्यूब हातात येते. ती खरजेसाठी, अंगावर ८ ते १४ तास ठेवायची असते, म्हणून आकडा वाचूनच घ्या. जागा साबणाने धुऊन टॉवेलने टिपा. पाणी निथळत राहिलं की औषध पातळ होतं, आणि अनेकांचं तिथेच फसतं. मग बेंबीच्या खालपासून मांड्यांपर्यंत आणि गुदद्वाराभोवतीच्या केसांना मुळापर्यंत भिजेल असं चोळा. योनीच्या किंवा लघवीच्या जागेच्या आत जाऊ देऊ नका. घड्याळ लावून १० मिनिटं, मग धुऊन टाका. लिखा केसाला डिंकासारख्या चिकटलेल्या असतात, धुऊन पडत नाहीत. नखाने किंवा बारीक दातांच्या फणीने ओढूनच काढायच्या.

धोबीघाट: कपड्यांचं एवढं टेन्शन नको. अंगापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उपचाराआधीच्या दोन-तीन दिवसांत वापरलेली चड्डी, टॉवेल, चादर, लुंगी वेगळी काढा आणि ५४ अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुवा. मशीनमध्ये गरम पाण्याची सोय नसेल तर बादलीत कढत पाणी. धुता न येणारं काही असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून दोन आठवडे ठेवा. औषध लावल्यावर धुतलेलेच कपडे घाला. घर फवारायची गरज नाही.

अनामिक: आभार. पण औषध लावल्यावरही खाज राहिली तर लगेच पुन्हा लावायचं का?

मेडिकलवाली: नाही. खाज ही चाव्याची ॲलर्जी असते, उवा मेल्यावरही आठवडा-दोन आठवडे राहू शकते. रोज लावत बसलात तर औषधानेच कातडी चिडते आणि खाज वाढते. लिखा ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून ९-१० दिवसांनी उजेडात नीट बघा. हलणारी ऊ दिसली तरच दुसरा हात. तरीही राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ते आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देऊ शकतात. डोस वजनावर ठरतो. गोव्यात २०२१ साली कोविडसाठी हीच गोळी सगळ्या प्रौढांना द्यायची घोषणा झाली होती. त्या काळातली पाकिटं अजून घरात असतील तर अंदाजाने घेऊ नका.

सह्यकडा: मुख्य गोष्ट राहिली. हे बहुधा संबंधातून येतं आणि कंडोमने अडत नाही. गेल्या महिनाभरातल्या जोडीदाराला सांगा, उपचार दोघांचे एकाच वेळी करा आणि दोघंही बरे होईपर्यंत संबंध टाळा. नाहीतर तेच चक्र. सोबत एचआयव्ही, सिफिलिस, गनोरियाची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जा, लाजायचं कारण नाही. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

पापण्यांना उवा असतील तर पर्मेथ्रिन लावायचं नाही. तिथे डोळ्यांसाठीचं पेट्रोलियम मलम दिवसातून २ ते ४ वेळा, १० दिवस, तेही डॉक्टरांना दाखवून. लहान मुलाच्या पापण्यांत दिसल्या तर घरी काहीच न करता थेट बालरोगतज्ज्ञाकडे न्या.