जपानमध्ये टाकून दिलेल्या कुत्र्यामांजरांचे काय होते?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
पांडवलेण्यांच्या पायथ्याशी गळ्यात पट्टा असलेले लॅब्राडॉर कोणीतरी सोडून दिले आहे आणि ते थांबणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे धावत जाते. ओसाकात राहणारी माझी बहीण म्हणते, की तिकडे रस्त्यावर कुत्रे दिसतच नाही. तिथले लोक पाळीव प्राणी टाकून देत नाहीत का? जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर (कॉलेज रोड)
टाकून देतात, पण ते प्राणी रस्त्यावर राहू दिले जात नाहीत. १९५० च्या रेबीज प्रतिबंधक कायद्याने कुत्र्यांची नोंदणी व दरवर्षीची लस सक्तीची केली आणि बेवारस कुत्री पकडली जाऊ लागली. १९५७ नंतर तिथल्या प्राण्यांमध्ये रेबीजचा स्थानिक फैलाव झालेला नाही. मात्र ज्यांना न्यायला कोणी येत नसे, त्यांना सरकारी केंद्रांत, बहुधा कार्बन डायऑक्साइडने, मारले जाई आणि १९७० च्या दशकात अशी कुत्री-मांजरे वर्षाला दहा लाखांहून अधिक असत. जपानच्या मोकळ्या रस्त्यांचा दाखला देणाऱ्यांनी ही किंमतही सांगितली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. २०२२ पर्यंत हा आकडा सुमारे बारा हजारांवर आला, कारण दत्तक देणे वाढले आणि सबळ कारणाशिवाय मालकाने आणलेला प्राणी नाकारण्याचा अधिकार २०१३ पासून केंद्रांना मिळाला.

उत्तर (पंचवटी)
मांजरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. योकोहामातील इसोगो भागात १९९० च्या दशकात रहिवाशांनी मिळून मांजरे सांभाळण्याची रीत सुरू झाली. निर्बीजीकरण करायचे, ठरलेल्या जागी खाऊ घालायचे आणि नंतर ती जागा स्वच्छही करायची. निर्बीजीकरण झालेल्या मांजराच्या कानाचे टोक चेरीच्या पाकळीसारखे कापतात. आपल्याकडेही कुत्र्याच्या कानाला अशीच खाच करतात. गोदाघाटावर खाऊ घालणारे पुष्कळ भेटतात, पण साफसफाईला आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाला फारसे कोणी पुढे येत नाही.

उत्तर (गंगापूर रोड)
मला महत्त्वाची वाटते ती मालकाची जबाबदारी. जपानमध्ये पाळीव प्राणी टाकून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड आहे. जून २०२२ पासून तिथे विक्रीच्या कुत्र्यामांजरांना मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची बारीक चिप) सक्तीची आहे, त्यामुळे सापडलेल्या प्राण्याचा मालक शोधता येतो. नाशिकमध्येही पिल्लू विकतानाच चिप बसवून खरेदीदाराचे नाव नोंदवावे, अशी लेखी मागणी आपण महापालिकेकडे करूया. निवेदनाचा मसुदा मी तयार करतो.