मदत हवी आहे: युरिया देऊनही गव्हाचं नवं पान पिवळंच

नमस्कार मंडळी,
निफाड तालुक्यात दीड एकर गहू आहे, फुले समाधान वाणाचा. रान हलकं. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. दरवर्षी पेरताना सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरद म्हणजे फॉस्फरसचं खत) टाकतो. यंदा ऐन वेळी मिळालं नाही म्हणून एकरी एक गोणी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) आणि थोडं पोटॅश दिलं. खुरपणीनंतर पहिल्या पाण्याला युरियाही दिला.

आता खालची पानं हिरवीगार आहेत, पण पोंग्यातून, म्हणजे मधल्या शेंड्यातून येणारं पान फिकट पिवळं. फुटवेही बेताचे. बांधापलीकडचा सुपर टाकलेला गहू काळाभोर दिसतो, त्यामुळे जीव जास्तच तुटतो. नत्र (नायट्रोजन) कमी असतं तर आधी खालचं पान पिवळं पडलं असतं ना? मला गंधकाचा संशय येतोय. दुकानदार म्हणतो अजून युरिया टाका. द्राक्षवाले भाऊबंद म्हणतात, भुरी रोगासाठी आणलेलं ८० टक्के सल्फर (गंधकच) फवार. दुसरं पाणी तोंडावर आलंय. वर्षभराच्या पोळ्यांचा गहू आहे, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दादा, आधी एक पान उजेडासमोर धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी. चुनखडीच्या रानात असं होतं. शिरांसकट सगळं पान एकसारखं फिकट असेल तर गंधकच समजा. डीएपीत गंधक नसतं. त्या एका गोणीइतकं स्फुरद सुपरच्या तीन गोण्यांतून मिळतं आणि सोबत १६ किलोच्या आसपास गंधकही.

आणखी युरिया नको, गहू लोळेल. दुसऱ्या पाण्याला एकरी ४० किलो अमोनियम सल्फेट द्या. त्यातून ९ किलो गंधक आणि ८ किलो नत्र जातं. दव सुकल्यावरच फोका, ओल्या पानावर खत चिकटून पान करपतं. ८० टक्क्यांचं सल्फर भुरीला ठीक. ते काय किंवा ९० टक्क्यांचं दाणेदार काय, जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय मुळांना घेता येत नाही, आणि थंडीत त्याला आठवडे लागतात.

धागाकर्ता:
आभारी आहे भाऊ. पान शिरांसकट पिवळं आहे. पण हलक्या रानात सल्फेट पाण्याबरोबर खाली जाईल ना? दोन हप्ते करू का?

प्रतिसाद:
जातं, म्हणून पाणी हलकं द्या, वाफे तुंबवू नका. हप्ता मात्र एकच करा, फुटव्यांचा काळ हातचा जायला नको. काढणीनंतर माती तपासायला द्याल तेव्हा पत्रिकेतला गंधकाचा आकडा आवर्जून बघा. १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भाग) खाली असेल तर पुढच्या पेरणीचं सुपर दिवाळीआधीच घरात आणून ठेवा.